काहीच न करायचे चौदा एकर

रकाना १. अर्जदाराचे संपूर्ण कायदेशीर नाव.

इथेच आर्विड टॉर्व्हिकचं पेन थांबलं. एकाहत्तर वर्षांच्या माणसाचं पेन स्वतःच्या नावापाशी अडावं हे काही चांगलं लक्षण नव्हे. पण आर्विडची अडचण स्मरणशक्तीची नव्हती. समोरचा कागद सरकारी अनुदानाचा होता. आणि सरकारी अनुदानावर जगणाऱ्या शेतकऱ्यांविरुद्ध नॉर्डबीच्या साप्ताहिकात बावीस वर्षांत एकेचाळीस पत्रं लिहिणारा जो कोणी एक माणूस होता, तो हाच. त्या पत्रांची कात्रणं त्याने फायलीत लावून ठेवली होती. फायलीवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं : ‘देश’.

‘काही लोक’ अशी प्रत्येक पत्राची सुरुवात असे. ‘काही लोक वर्षभर सरकारला शिव्या देतात आणि सरकारी पाकीट आलं की पोस्टात सर्वांत आधी हजर होतात.’ हे त्याला ठाऊक असायचं कारण तो नॉर्डबीचा पोस्टमास्तर होता. चौतीस वर्षं त्या खिडकीवाल्या सरकारी पाकिटांची थप्पी त्याच्या हातून गेली. कुणाचं पाकीट किती जाड, कोण ते घेताना हवापाण्याबद्दल जास्त बोलतो, सगळं त्याला पाठ. पण पोस्टाची शपथ ती शपथ. त्याने कधी कुणाचं नाव घेतलं नाही. नुसतं ‘काही लोक’ म्हटलं. ओस्टरडाल काउंटीत लोक होते तीन हजार, त्यातले ‘काही’ कोण हे उरलेल्यांना बरोबर कळायचं. आता स्वतः आर्विडला दर महिन्याला सरकारी पेन्शन येत होती, पण ती कमाई होती. अनुदान म्हणजे भीक. फरक इतका स्पष्ट होता की त्यावर एकही पत्र लिहायची त्याला गरज वाटली नव्हती.

आणि आता हा कागद. गुड्रुनमावशीने मरताना त्याच्या नावे चौदा एकर ठेवले होते, रस्त्याला लागून, मधोमध खारवट पांढरा पट्टा असलेले. डेल्मर हाउगेन ते अकरा वर्षं खंडाने कसायचा. यंदा त्याने टोपी वर सरकवून ‘बघू’ म्हटलं. ओस्टरडालमध्ये ‘बघू’ म्हणजे नाही. जमीन विकत घ्यायला कुणी नाही, कसायला कुणी नाही, आणि तिचा कर मात्र दर वर्षी न चुकता आपल्या पायांनी चालत येतो.

“मग ही योजना घ्या,” शेतकी कचेरीतली जोडीन म्हणाली होती. “दहा वर्षांचा करार. रानातली मूळची गवतं आणि फुलं पेरायची, आणि हात लावायचा नाही. मधमाश्यांसाठी, पक्ष्यांसाठी. वर्षाला आठशे चाळीस डॉलर. शिवाय सही केल्याबद्दल सुरुवातीला थोडे वेगळे.”

“सही केल्याबद्दल?”

“हो.”

“आणि मी करायचं काय?”

“काहीच नाही. तीच तर योजना आहे.”

आर्विडने खाकरून घेतलं. मग आवाज खाली आणून विचारलं, “जोडीन, ती यादी असते ना… कुणाला किती मिळालं त्याची. ती बाहेर जाते का?”

“दर फेब्रुवारीत इंटरनेटवर येते. नावासकट, रकमेप्रमाणे नंबरासकट. तुम्हाला माहीतच आहे की, आर्विड. तुमच्या पत्रांतले आकडे तिथलेच असतात ना?”

जोडीनचा चेहरा अगदी निरागस होता. असा चेहरा ठेवायचं प्रशिक्षण सरकार देतं की काय, देव जाणे.

घरी त्याने हा अर्ज लव्हॉनच्या नावाने भरायची कल्पना मांडली. लव्हॉन, म्हणजे त्याची बायको, तेव्हा भांडी पुसत होती. तिने पुसणं थांबवलंसुद्धा नाही. “तुझं पाप तुझ्या नावावर राहू दे.”

तेव्हा त्याला नाव आठवलं. खरं नाव! बाप्तिस्म्याच्या वेळी ठेवलेलं, आजोबांचं. शाळेत पहिल्या दिवशी मास्तरीणबाईंनी वर्गात आणखी दोन पेडर आहेत म्हणून त्याला मधल्या नावाने हाक मारली, आणि तेव्हापासून तो आर्विड झाला.

रकाना १. पेडर ए. टॉर्व्हिक.

सही करताना त्याला वाटलं, हा पेडर नावाचा इसम थोडा हावरट दिसतो, पण आपला काय संबंध.

*

रकाना ४. शेताचा क्रमांक. रकाना ५. तुकड्याचा क्रमांक. रकाना ७-ब. आपण प्रत्यक्ष शेती करता काय? असल्यास कशी. नसल्यास का नाही. करत नसूनही करता असे वाटत असल्यास पुरवणी जोडा.

पुरवणी जोडली. आकाशातून घेतलेला फोटो जोडला. त्या फोटोत गुड्रुनमावशीचं वाळत घातलेलं धुणं दिसत होतं, आणि त्या धुण्याला कचेरीने शून्य पूर्णांक शून्य दोन एकराची ‘कायमस्वरूपी बांधकामे’ ठरवून वजा केलं होतं. ते परत मिळवायला आर्विडने तीन फेऱ्या घातल्या. तत्त्वाचा प्रश्न होता. चौथ्या फेरीला जोडीनने त्याला स्वतःच्या टेबलाजवळ एक खुर्चीच ठेवून दिली.

बियाणं आलं. एकतीस प्रकारची फुलं, सहा प्रकारची गवतं. निम्मी नावं त्याच्या ओळखीची होती, कारण लहानपणी वडिलांनी त्याला तीच उपटायला बसवलं होतं. हिवाळ्याच्या तोंडावर दुसऱ्या काउंटीतला माणूस बोलावून त्याने ती पेरून घेतली. दुसऱ्या काउंटीतला, म्हणजे इथे कुणाला पत्ता नको.

वसंतात बर्फ वितळला, आणि पेडर टॉर्व्हिकच्या सदतीस जातींच्या आधी अडतिसावी उगवली. थिसल. हे काटेरी तण कुणी पेरावं लागत नाही. त्याला नुसती कुणकुण लागली की चौदा एकर पडीक आहेत, तरी पुरतं.

ओस्टरडाल काउंटीत माणसाची पारख त्याच्या शेतावरून होते. रविवारी चर्च सुटलं की माणसं गाड्या काढतात आणि ताशी पंधरा मैलांच्या वेगाने एकमेकांची शेतं बघत फिरतात. ओळ वाकडी दिसली तर कुणी काही बोलत नाही. गाडी किंचित हळू होते, बस. त्या किंचित हळू होण्याने इथे संसार मोडलेले आहेत. रस्त्यालगत तण असणं म्हणजे चर्चमध्ये अंतर्वस्त्रांवर येणं. जूनच्या पहिल्या रविवारी आर्विडच्या चौदा एकरांपाशी अकरा गाड्या हळू झाल्या. बारावी थांबली.

सोमवारी काउंटीच्या तण निर्मूलन विभागाचं पत्र आलं. चौदा दिवसांत थिसल काढावे, अन्यथा दंड. आर्विड ते घेऊन जोडीनकडे गेला.

“कापून टाकतो,” तो म्हणाला.

“अजिबात नाही! पक्ष्यांच्या विणीचा काळ आहे. एक ऑगस्टपर्यंत यंत्र घातलंत तर करार रद्द. घेतलेले पैसे व्याजासकट परत, वर दंड.”

“म्हणजे कापलं तर तुमचा दंड, नाही कापलं तर त्यांचा.”

“हो.”

“दोन्ही पत्रांवर पत्ता याच इमारतीचा आहे.”

“ते डावीकडचं दार, आर्विड. आमचं उजवीकडचं.”

“तुम्ही एकमेकांशी बोलता का?”

“रोज. कॉफीला. पण तणाबद्दल नाही.” जोडीनने नियमावली चाळली. “हं. हाताने उपटता येईल. एकेक रोप. घरट्यांना धक्का न लावता. उपटणं चालू दिसलं की डावीकडचे मुदत वाढवून देतात.”

चौदा एकर. एकेक रोप. चौतीस वर्षं पत्रं वाटल्यावर माणसाला एकेक गोष्टीची सवय असते म्हणा.

*

पत्र ४२. मसुदा पहिला.

‘संपादक महाशय, काही लोक

*

तर सकाळी सहाला, रस्त्यावर वर्दळ नसताना, आर्विड खुरपं घेऊन तणात शिरायचा. पाठ वाकवून चालत नसे, कारण मग रस्त्यावरून दिसला असता. म्हणून गुडघ्यांवर. टोपी घामाने भिजायची, म्हणून टोपी काढून बाजूला. रोप मुळासकट यावं म्हणून दोन्ही हातांनी धरून, मान खाली घालून, डोळे मिटून जोर लावायचा.

हे सगळं तिसऱ्या दिवशी डेल्मर हाउगेनने आपल्या पिकअपमधून पाहिलं. ओसाड शेताच्या मधोमध, पहाटेच्या उजेडात, गुडघ्यांवर बसलेला, डोकं उघडं, हात जोडलेले, डोळे मिटलेले, असा म्हातारा.

पिकअप थांबली. डेल्मर उतरला, कुंपणापाशी आला आणि दुसरीकडे बघत उभा राहिला. इथली माणसं महत्त्वाचं बोलताना एकमेकांकडे बघत नाहीत. दोघंही मिळून क्षितिजाकडे बघतात.

“काय रे, आर्विड.”

आर्विडने खुरपं तणात दडवलं. “काय, डेल्मर.”

“गरम होणार आज.”

“होईल. वारा आहे पण.”

“वारा आहे.”

साधारण दीड मिनिट दोघांनी वारा पाहिला.

“काही मदतबिदत?” डेल्मरने क्षितिजाला विचारलं.

“छे, छे. चाललंय माझं.”

“नाही, आत्ता नाही. पुढे लागली तर.”

“पुढचं पुढे बघू.”

डेल्मरने मान डोलवली. त्याचा गळा दाटून आला होता, पण या काउंटीत त्याला ‘सर्दी’ म्हणतात. गाडीत बसण्याआधी त्याने एवढंच विचारलं, “तसा बरा आहेस ना?”

इथे एक बारीक गोष्ट. ओस्टरडालमध्ये या प्रश्नाचं एकच उत्तर आहे : ‘वाईट नाही.’ पाय मोडलेला माणूसही हेच म्हणतो. पण आर्विडचं लक्ष दडवलेल्या खुरप्याकडे होतं, मनात चोर होता, आणि तो घाईने म्हणून गेला, “अगदी छान! उत्तम!”

डेल्मर हादरलाच. तीन पिढ्यांत कुणी ‘उत्तम’ म्हटल्याचं त्याने ऐकलं नव्हतं.

दुपारी दोनला पहिलं हॉटडिश आलं.

*

हॉटडिश म्हणजे खिमा, शेवया किंवा बटाटा, त्यावर डब्यातलं अळिंब्यांचं सूप ओतून भट्टीत भाजलेला खोलगट भांडंभर दिलासा. तो या भागात तीनच कारणांनी दारात येतो : बाळंतपण, शस्त्रक्रिया, मरण. आर्विडच्या घरी बाळंतपणाचा संभव नव्हता.

भांड्यांच्या तळाला चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव असतं. पहिल्या आठवड्यात जमलेली नावं अशी : बर्निस. आयोन. बर्निस. ‘हाउगेन, परतीची घाई नाही.’ ‘लूथरन महिला मंडळ, क्र. ६.’ बर्निस.

“सांगून टाक,” लव्हॉन म्हणाली. फ्रीजमध्ये जागा उरली नव्हती म्हणून ती सातवं भांडं पियानोवर ठेवत होती.

“काय सांगू?”

“की तू मरत नाहीयेस.”

“आणि तणाचं विचारलं तर?”

“कोण विचारणार? आजवर कुणी कुणाला काही विचारलंय इथे? पण विचारलं तर खरं सांग.”

“खरं सांगण्यापेक्षा…” आर्विड थबकला.

“मेलेलं बरं, असंच ना? मग झालं तर. लोकांनी तुझी सोय केलीच आहे.” तिने पियानोवरच्या भांड्यातून स्वतःला वाढून घेतलं. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा तिला आठवडाभर स्वयंपाक करावा लागला नव्हता, त्यामुळे सत्याचा आग्रह ती फार ताणतही नव्हती.

रविवारी चर्चमधल्या प्रार्थनेच्या यादीत नाव आलं : ‘आर्विडसाठी.’ इतरांच्या नावापुढे कंसात गुडघा, पित्ताशय वगैरे असतं. त्याच्यापुढे काही नव्हतं, आणि कंस नसणं फार भयंकर दिसत होतं. चर्चच्या तळघरात कॉफीच्या वेळी बर्निसने त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. बर्निस ही महिला मंडळाची अध्यक्ष. काउंटीतलं कुठलंही दुःख आधी तिच्याकडे नोंदवावं लागतं.

“तू फार धीराचा आहेस, आर्विड.”

“बर्निस, मला काहीही झालेलं नाही. खरंच.”

बर्निसचे डोळे भरून आले. ती शेजारणीकडे वळली. “बघितलंस? हेच म्हणत होते मी तुला.”

एक मात्र समाधान होतं. गुपित शाबूत होतं. सहकारी धान्य कोठारात सकाळी सातची जी कॉफीची बैठक असते, तिथे सात जण रोज सरकारच्या उधळेपणावर तोंडसुख घेत. त्यांतल्या एकालाही अनुदान मिळत नसे, निदान त्या टेबलावर तरी. आर्विड कधीमधी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून ऐके. टेबलाशी बस असं पोस्टमास्तराला कुणी म्हटलं नव्हतं. पाकिटं मोजलेल्या माणसाजवळ बसून कॉफी कोण पिणार? पण हल्ली तो आत शिरला की सरकारचा विषयच बंद पडायचा. लगेच हवामान. आर्विडला बरं वाटलं. त्याने अर्थ लावला : आजारी माणसासमोर राजकारण नको, एवढीच त्यांची समजूत. पेडर टॉर्व्हिक सुरक्षित होता.

*

पत्र ४२. मसुदा चौथा.

‘संपादक महाशय, काही लोक परिस्थितीमुळे

(‘परिस्थितीमुळे’ खोडले.)

*

रकाना ११. पाहणीचा दिनांक.

जोडीनचं पत्र आलं : सोमवारी, जुलैच्या पंधरा तारखेला, नेहमीची पाहणी. आर्विडने महिनाभर गुडघे झिजवून जवळजवळ नऊ एकर थिसलमुक्त केले होते. पिवळी-जांभळी फुलं वर येत होती. मधमाश्या होत्या. कुरणातल्या काळ्या-पांढऱ्या पक्ष्यांची घरटी त्याने मोजली होती, बावीस. कुणाला न सांगता त्याला त्या जागेचा थोडा अभिमानही वाटू लागला होता, आणि ही गोष्ट त्याने स्वतःलासुद्धा कळू दिली नव्हती.

शनिवारी सकाळी दहाला बर्निसचा लव्हॉनला फोन आला. “आज रांधू नकोस हं. आणि अकराला आर्विडला घेऊन मावशीच्या शेतावर ये. त्याला काही बोलू नकोस.”

लव्हॉनने फोन ठेवला आणि नवऱ्याकडे पाहिलं. “आर्विड, तुला आठवतं, ओले नेसहाइमला पक्षाघात झाला तेव्हा सगळ्यांनी मिळून त्याचा गहू काढून दिला होता?”

आर्विड घरातली चप्पल घालूनच गाडीत बसला.

ही इथली रीत आहे, आणि तशी फार सुंदर रीत आहे. माणूस आजारी पडून शेत मागे राहिलं की शेजारी आपापली यंत्रं घेऊन न बोलावता येतात, दिवसात काम उरकतात, जेवतात आणि ‘एवढं काही नाही’ म्हणून निघून जातात. आर्विडने स्वतः ओलेच्या शेतावर पाणी वाटलं होतं आणि डोळे पुसले होते. सर्दी.

दुरूनच धूळ दिसली. नऊ ट्रॅक्टर, मागे गवत कापायची यंत्रं, एकामागे एक तिरप्या ओळीत, हंसांच्या थव्यासारखे. कडेला मांडलेली टेबलं, कॉफीची टाकी, महिला मंडळ. शेताचा बराच भाग गालिच्यासारखा सपाट झाला होता. तो नेमका त्याने खुरपलेला भाग होता. डोक्यावर पक्षी गोल गोल ओरडत होते.

आर्विड टोपी हलवत धावत सुटला. “थांबा! थांबा!”

नऊही जणांनी हात हलवून त्याला प्रतिसाद दिला. एकाने हॉर्नही वाजवला. काय आनंद झालाय बिचाऱ्याला!

शेवटी तो डेल्मरच्या ट्रॅक्टरसमोर आडवा उभा राहिला. डेल्मरने यंत्र बंद केलं. “आभारबिभार नको, आर्विड. एवढं काही नाही.”

“डेल्मर, पक्षी! पक्ष्यांची वीण चाललीय!”

डेल्मरने खाली उतरून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. या काउंटीत पुरुष पुरुषाच्या खांद्यावर हात ठेवतो तो दफनविधीला. म्हणजे आजार आता डोक्यातही पोचला तर, त्याला वाटलं. “चल, सावलीत बस जरा. बर्निस, पाणी आण.”

“मला पाणी नको! मी आजारी नाही! मी…” ट्रॅक्टर एकेक करून बंद पडत होते. महिला मंडळाने झाकणं हातात धरून ठेवली. बावीस वर्षं, एकेचाळीस पत्रं, ‘देश’ नावाची फाईल, सगळं त्या शांततेत उभं होतं. आर्विडने लव्हॉनकडे पाहिलं. लव्हॉनने फक्त हनुवटीने ‘हं, बोल’ अशी खूण केली.

“मला सरकार पैसे देतं,” आर्विड म्हणाला. “हे असंच ठेवायचे. वर्षाला आठशे चाळीस डॉलर. घेतलेत मी. सहीचे वेगळे घेतलेत.”

एक पक्षी तेवढा ओरडला.

“घेतलेस ते माहीत आहे,” डेल्मर म्हणाला.

“काय?”

“यादीत आहेस तू. तीनशे अठरावा.”

“तिथे पेडर आहे!”

“अरे, आपण एकाच वर्षी चर्चच्या दीक्षेला, कन्फर्मेशनला, होतो. चर्चच्या जिन्यात फोटो आहे, खाली नाव आहे. पेडर. दर रविवारी त्याच्यासमोरून कॉफीला उतरतोस.”

आर्विडला लपावंसं वाटलं, पण लपायला उभं गवत राहिलं नव्हतं. “तू यादी बघतोस?”

डेल्मरने टोपी काढून तिच्या आत पाहिलं. “नजर जाते कधीतरी.”

“फेब्रुवारीत,” मागून बर्निस म्हणाली आणि लगेच झाकण लावायला वळली. साठ माणसं आपापल्या बुटांकडे बघू लागली.

“माहीत होतं, तर मग हे सगळं कशाला?”

“यादीत रक्कम असते. कशाची ते नसतं.” डेल्मर आता क्षितिजाकडे बघून बोलत होता. “एकेचाळीस पत्रं लिहिलीस तू. आम्ही म्हटलं, असा माणूस सरकारचा पैसा घेतो म्हणजे दवाखान्याचं बिल असणार. मोठं. त्यात शेत असं टाकलेलं. त्यात तू गुडघ्यावर. दुसरं काय समजणार? तू काय आमच्यासारखा…”

नऊही ट्रॅक्टरांवरची माणसं एकदम आपापले टायर तपासू लागली.

“म्हणजे तू मरत नाहीयेस?” बर्निसने विचारलं. काउंटीच्या इतिहासातला हा बहुधा पहिला थेट प्रश्न.

“नाही.”

“नक्की?”

“नक्की, बर्निस.”

“मी पाच हॉटडिश आणली,” बर्निस म्हणाली. तिच्या आवाजात आनंद होता, असं पुढे सगळ्यांनी एकमताने ठरवलं.

*

सोमवारी जोडीन आली. नऊ एकर सपाट, पाच एकर थिसल. तिने बराच वेळ वही उघडली नाही.

“तुम्ही कापलंत असं लिहिलं तर करार गेला. व्याज, दंड, सगळं आलं,” ती म्हणाली. “तुम्ही कापलंत का?”

“नाही.”

“मग प्रकरण समितीपुढे जाईल.”

काउंटी समितीत शेतकऱ्यांनी निवडून दिलेले तीन जण. अध्यक्ष डेल्मर हाउगेन. उरलेले दोघे शनिवारी तिसऱ्या आणि सातव्या ट्रॅक्टरवर होते. समितीने आपण स्वतः या प्रकरणात अर्जदार नसल्याची एकमताने नोंद करून कामकाज सुरू केलं. आर्विड त्याच्या नेहमीच्या खुर्चीत.

“नुकसान मालकाने केलं नसेल तर आपत्तीचा अर्ज लागतो,” जोडीनने वाचलं. “कारणावर खूण करायची. गारपीट. पूर. दुष्काळ. टोळधाड. वन्य प्राणी. इतर.”

“गारपीट टाक,” डेल्मर म्हणाला.

“पंधरा दिवस आकाशात ढग नाही.”

“वन्य प्राणी?” तिसऱ्या ट्रॅक्टरने सुचवलं. सातव्या ट्रॅक्टरने त्याच्याकडे रोखून पाहिलं.

“टोळधाड जवळची वाटते,” जोडीन म्हणाली. तोच निरागस चेहरा. “थव्याने आले, सगळं कापलं, जेवले आणि गेले.”

“जेवलो ते आमचं आम्ही आणलेलं,” डेल्मर दुखावून म्हणाला. “व्याख्या काय आहे? व्याख्या वाच.”

“‘आपत्ती म्हणजे अशी घटना, जी अचानक येते, टाळता येत नाही, आणि जिच्यावर जमीनमालकाचे नियंत्रण नसते.’”

आर्विडने हात पुढे केला, पेन घेतलं आणि पोस्टमास्तराच्या सुवाच्य अक्षरात लिहिलं.

रकाना १९. आपत्तीचे कारण : इतर. तपशील : शेजारी.

समितीने मंजूर केलं. आपत्तिग्रस्त म्हणून पुन्हा पेरणीचा खर्चही सरकारकडून मिळणार होता, सदतीस जातींसकट. जोडीनने हिशेब करून सांगितलं की पुढच्या फेब्रुवारीत पेडर टॉर्व्हिक तीनशे अठरावरून दोनशे चाराव्या नंबरावर जाईल. हे तिने अभिनंदनाच्या सुरात सांगितलं.

भांडी परत करायचं काम लव्हॉनने त्याच्यावरच टाकलं. इथे भांडं रिकामं परत करत नाहीत, तेव्हा तेवीस भांडी भरायला आर्विड चार दिवस स्वयंपाकघरात उभा होता. ओट्सच्या वड्या, सगळीकडे त्याच, कारण त्याला तेवढंच जमत होतं. प्रत्येक दारात बाईने भांडं घेतलं, त्याला वरून खाली पाहिलं आणि म्हटलं, “तब्येत चांगलीच दिसतेय.” हे वाक्य तेवीस वेळा ऐकल्यावर खरंच आजारी असल्यासारखं वाटतं.

पत्र ४२ तसंच राहिलं. पाच मसुद्यांत मिळून एकच शब्द टिकला होता : ‘संपादक’.

*

सप्टेंबरात एका सकाळी आर्विड धान्य कोठारात गेला आणि सवयीने कोपऱ्यातल्या स्टुलाकडे वळला.

“तिकडे कुठे?” डेल्मरने पायाने एक खुर्ची पुढे सरकवली. “बस इथे, पेडर.”

तो बसला. कुणीतरी कप भरला. दोन मिनिटं वाऱ्याचं झालं, मग पावसाचं. मग डेल्मरने खुर्ची मागे रेलली, आणि कित्येक महिन्यांनी त्या टेबलावर जुना सूर लागला.

“मी सांगतो तुम्हाला, हे सरकार असे फुकट पैसे वाटत राहिलं ना, तर देश बुडणार.”

“बुडणारच,” सहा जण म्हणाले.

मग सातही टोप्या आर्विडकडे वळल्या. त्याने कॉफी ढवळली. घाई केली नाही. एकेचाळीस पत्रांच्या अनुभवी माणसाला कुठे थांबायचं ते कळतं.

“बुडणार म्हणजे काय,” तो म्हणाला, “बुडालाच.” मग एक घोट घेऊन त्याने क्षितिजाकडे पाहिलं, म्हणजे भिंतीवरच्या खताच्या कॅलेंडरकडे. “पण वर्षाचा तो हप्ता कधी जमा होतो रे? ऑक्टोबर की नोव्हेंबर?”

“ऑक्टोबर,” सातही जण एका सुरात म्हणाले.